शिंतोड्याचं शून्य

भुशीचं धरण लोकांनी भिजायला यावं म्हणून बांधलं, अशी अर्ध्या मुंबई-पुण्याची समजूत आहे. जुलैतल्या एखाद्या रविवारी पायऱ्यांवरची गर्दी पाहिली की ती खोडून काढायचा धीरही होत नाही. धरण रेल्वेचं. १८६३ साली बोरघाटातून गाडी धावू लागली, घाट चढून आलेल्या वाफेच्या इंजिनांना वर पाणी हवं होतं, म्हणून इंद्रायणीच्या उगमाजवळ ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं ही दगडी भिंत घातली. १९२९-३० च्या सुमारास घाटात विजेची इंजिनं आली. गरज सरली, भिंत राहिली.

रेल्वेनंतरचं मोठं गिऱ्हाईक टाटा. १९१० मध्ये कंपनी निघाली, लोणावळा, वळवण, शिरवता असे तलाव बांधले गेले आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. मुंबईच्या गिरण्या आमच्या पावसावर फिरू लागल्या. गंमत अशी की भुशीत पडलेला थेंब देहू-आळंदी करत भीमेला, मग कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जातो, आणि चार पावलांवर वळवणच्या तलावात पडलेला थेंब खोपोलीला उतरून पाताळगंगेनं अरबी समुद्राला मिळतो. त्यामुळे इथे पावसाचा हिशेब हौसेखातर कुणी ठेवला नाही. ज्याला पाणी विकायचं, वापरायचं किंवा अडवायचं होतं त्यानं तो ठेवला, आणि प्रत्येकानं आपापल्या रीतीनं ठेवला.

माझं माहेर भुशी. नोकरी पुण्यात, पाण्याची कामं करणाऱ्या एका सल्लागार कचेरीत. पूल, मोऱ्या, बंधारे यांच्या आराखड्यांना लागणारा पाऊस जुन्या नोंदींतून शोधून देणं हे माझं काम. लोकांना वाटतं, यात काय, आकडे तर आयते असतात. आकडे असतात हो. ते कशाचे आहेत हे सांगणारा तक्ता नसतो.

सगळ्यात जुनी वही घ्या. तांब्याचा, पाच इंच तोंडाचा सायमन्सचा पर्जन्यमापक, त्याचा काठ जमिनीपासून एक फुटावर, आत बाटली, शेजारी खुणा केलेलं काचेचं मोजपात्र. सकाळी कारकून यायचा, पाणी पात्रात ओतायचा, खूण वाचायचा आणि वहीत लिहायचा. लिहायचा ते इंच आणि सेंटमध्ये. सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. ‘४.३५’ म्हणजे चार इंच पस्तीस सेंट, साधारण ११० मिलिमीटर. कुणी वही नीट न पाहता हा आकडा सेंटिमीटर समजून उतरवला की लोणावळ्याचा पावसाळा अडीचपट आटतो, आणि त्यावर आखलेली मोरी पहिल्याच श्रावणात वाहून जाते.

इंच गेले, मिलिमीटर आले, पण सेंटांचं भूत अजून फिरतं आहे. भारतीय हवामान विभागाच्या लेखी ‘पावसाचा दिवस’ म्हणजे ज्या दिवशी किमान २.५ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. अडीचच का? जगात बऱ्याच ठिकाणी एक मिलिमीटर धरतात. पूर्वी आपल्याकडे मर्यादा होती दहा सेंटांची, आणि दहा सेंट म्हणजे २.५४ मिलिमीटर. वह्या बदलल्या, मापं बदलली, व्याख्या तशीच मुक्कामाला. परदेशातल्या तक्त्याशी आपले ‘पावसाचे दिवस’ ताडून पाहणाऱ्याला ही चाल ठाऊक नसेल, तर भारतात पाऊस कमी दिवस पडतो असा निष्कर्ष काढून तो मोकळा होईल.

महसूल खात्याचा तक्ता निराळा. तिथे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढे गेलं की ‘अतिवृष्टी’. दुष्काळी तालुक्यात हा आकडा पंचनाम्याला कामाचा आहे. आमच्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्याच्या कितीतरी पट. जुलैत ६५ मिलिमीटर म्हणजे आई अंगणातलं सरपणसुद्धा हलवायची नाही.

आता तारा. १८६४ मध्ये कलकत्त्याला मोठं चक्रीवादळ झालं, मग दुष्काळ पडले, आणि १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफोर्ड यांच्या हाताखाली देशाचा हवामान विभाग उभा राहिला. गावोगावच्या वेधशाळांनी रोज एकाच वेळी हवेचे वेध घ्यायचे आणि तारेनं मुख्य कचेरीला कळवायचे. पण तारेला शब्दागणिक पैसे, आणि आकडे पाठवले तर पाच आकड्यांचा एक शब्द धरायचे. काटकसरीतून पाच-पाच आकड्यांचे गट जन्मले, आणि ते शंभर वर्षांहून जास्त टिकले. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, तरी वेधशाळेच्या संदेशातले पाच आकड्यांचे गट आम्हाला त्यानंतरही भेटत राहिले. पहिला गट ठाण्याचा: पुणे ४३०६३, कुलाबा ४३०५७, सांताक्रूझ ४३००३. पुढे वारा, तापमान, दाब, ढग. सहाने सुरू होणारा गट पावसाचा, त्यात मिलिमीटरसाठी तीन जागा.

या तीन जागांतली कारागिरी बघण्यासारखी आहे. ९८८ पर्यंतचा आकडा सरळ मिलिमीटर. ९८९ म्हणजे तितका किंवा त्याहून जास्त. आणि ९९० पासून तक्ता उलटतो. ९९१ म्हणजे ०.१ मिलिमीटर, ९९५ म्हणजे अर्धा मिलिमीटर, ९९९ म्हणजे ०.९. खुद्द ९९० म्हणजे नुसता शिंतोडा. अंगण ओलं झालं, पात्रात मोजण्याइतकं काही जमलं नाही. दशांश चिन्हाला जागा नव्हती, म्हणून हजारच्या जवळचे, एरवी कधी लागणार नाहीत असे आकडे कुणीतरी हुशारीनं या कामाला लावले.

एरवी लागणार नाहीत असं वाटलं होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला. या तक्त्यात ९४४ म्हणजे मुंबई बुडाली, आणि मधला एक आकडा चुकून ९९४ लिहिलं गेलं तर ०.४ मिलिमीटर, छत्री उघडायचीही गरज नाही. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३-७४ मिलिमीटर होता, तेव्हा ‘शेजारच्या ठाण्याशी ताडून पाहा’ हा नेहमीचा उपायही लंगडा पडला असता. आणखी एक गोम. वेधशाळेचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, कारण तेव्हा जागतिक वेळेचे तीन वाजलेले असतात. म्हणून लोकांच्या मनातला २६ जुलैचा पाऊस नोंदीत २७ तारखेखाली सापडतो. नव्या मुलांना मी हेच पहिलं शिकवते. तारीख एक दिवस मागे घ्या, मग आठवणी जुळतात.

हे सगळे गट येऊन पडायचे ते ठिकाण पुढे पुण्यातच आलं. विभागाचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून शिवाजीनगरला हललं. घड्याळाच्या मनोऱ्याच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’च म्हणतात. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण नोंदींचा संसार बराचसा पुण्यात राहिला. उपकरणांचा कारखानाही. १९४८ पासून तिथे अण्णा मणी होत्या. केरळच्या या बाईंनी शंभरेक हवामान-उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले, म्हणजे कोकणातलं यंत्र आणि विदर्भातलं यंत्र सारखं मोजू लागलं. यंत्र सारखं करणं सोपं नव्हतंच, पण लिहिण्याची रीत सारखी करणं त्याहून अवघड निघालं.

१९८८ मध्ये जागतिक हवामान संघटनेनं नवी रीत मान्य केली. इंग्रजी नाव लांबलचक आहे, आम्ही बोलताना ‘बफर’ म्हणतो. पाच आकड्यांच्या गटांऐवजी इथे एक आणि शून्याची सलग ओळ. फाईलच्या तोंडाशी बी-यू-एफ-आर ही चार अक्षरं आणि शेवटी चार वेळा सात, मधलं सगळं माणसाच्या डोळ्याला अगम्य. वाचायचं कसं? फाईलमध्ये आधी एक यादी असते: पुढे अमुक अमुक क्रमांकाच्या गोष्टी येणार आहेत. क्रमांक घेऊन छापील तक्त्याकडे जायचं. तो तीन गोष्टी सांगतो: या गोष्टीला किती बिटं दिली आहेत, त्यात कुठला ठरावीक आकडा मिळवायचा, आणि दशांश चिन्ह कुठे सरकवायचं.

चोवीस तासांच्या पावसाची नोंद घेऊ. चौदा बिटं. आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा आणि दहानं भागायचं. सांताक्रूझचे ९४४.२ मिलिमीटर इथे ९४४३ म्हणून बसतात. मग कोरडा दिवस? तो १ असा लिहिला जातो, कारण एकातून एक वजा जाता शून्य. आणि फाईलमध्ये निखळ ० आलं तर उत्तर येतं उणे ०.१ मिलिमीटर. उणे पाऊस! नवखा माणूस इथे हमखास अडखळतो आणि ‘चुकीची नोंद’ म्हणून ती खोडतो. ती चूक नाही, तो शिंतोडा आहे. पूर्वीचा ९९०. कोरड्याचा एक, शिंतोड्याचं शून्य, आणि चौदाही बिटं ‘एक’ असतील तर त्याचा अर्थ नोंदच नाही.

इथवर सगळं जगाचं एकमतानं चालतं. पण रीत ठरवणारे व्यवहारी होते. देशोदेशीच्या वेधशाळांना खास आपल्या अशा गोष्टी लिहायच्या असणार, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून तक्त्यात काही क्रमांक मोकळे सोडले. वर्ग ४८ ते ६३ आणि प्रत्येक वर्गातल्या १९२ ते २५५ या नोंदी ज्यानं त्यानं आपल्या मनानं भराव्यात. फाईलच्या सुरुवातीला पाठवणाऱ्या केंद्राचा क्रमांक असतो (नवी दिल्लीचा २८) आणि स्थानिक तक्त्याची कितवी आवृत्ती वापरली तेही असतं. तक्ता मात्र फाईलमध्ये असेलच असं नाही. तो त्या केंद्रातल्या कुणाच्या तरी कपाटात असतो.

जुन्या मराठी फायली उघडताना आपण सगळ्यांनी हेच भोगलं आहे. श्रीलिपीत किंवा शिवाजी फाँटमध्ये टाईप केलेली आमंत्रणपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांचा काला समोर येतो. मजकूर शाबूत असतो, फाँट नसतो. पुण्याच्याच सी-डॅकनं ज्यावर काम केलं ती ‘इस्की’ संकेतप्रणाली १९९१ मध्ये प्रमाण ठरली, तरी छापखान्यांनी आपापले फाँट सोडले नाहीत. बफरची गोष्ट मात्र याहून कडक. पत्रिकेतलं एक अक्षर कळलं नाही तरी पुढचं वाचता येतं. इथे एका गोष्टीला किती बिटं दिली तेच माहीत नसेल तर पुढची गोष्ट कुठून सुरू होते ते कळत नाही, आणि तिथून शेवटपर्यंतचं सगळं वाया जातं. यावर तोड म्हणून रीतीतच एक खूण आहे: स्थानिक क्रमांकाच्या आधी ‘पुढच्याला इतकी बिटं’ असं सांगता येतं, म्हणजे न कळणारं ओलांडून तरी जाता येतं. लिहिणाऱ्यानं ती वापरली तर.

रडारवाल्यांना स्थानिक तक्ते सगळ्यात जास्त लागले, आणि कारण रास्त होतं. रडार ढगात लहर सोडतं, थेंबांवरून परत आलेला प्रतिसाद मोजतं आणि तो डेसिबलमध्ये सांगतं. जागतिक तक्त्यात या परावर्तनाला सात बिटं दिली होती, चौसष्ट वजा करायचे, दशांश नाही. म्हणजे चाळीस आणि एकेचाळीसच्या मधलं काही लिहायची सोयच नाही. मार्शल आणि पामर यांनी १९४८ मध्ये कॅनडातल्या पावसावरून जे सूत्र बसवलं त्यानं चाळीस डेसिबल म्हणजे तासाला साडेअकरा मिलिमीटर, एकेचाळीस म्हणजे तेरा-सव्वातेरा. एका पायरीला पंधरा टक्के पाऊस. इतकी जाडी पायरी कुठल्याही रडारवाल्याला पटणारी नव्हती. युरोपातल्या ‘ऑपेरा’ या रडारजाळ्यानंही आपले स्थानिक तक्ते केले. ते निदान वाटले गेले.

माझ्याकडे आलेल्या एका जुन्या डिस्कवरच्या रडार फायली कुणी बनवल्या ते सांगत नाही. सह्याद्रीचा हा पट्टा त्यांत होता, एवढं पुरे. फाईल उघडली की आज्ञावली एकच वाक्य म्हणायची: एकविसाव्या वर्गातला हा क्रमांक मला माहीत नाही. क्रमांक १९२ च्या पुढचा, म्हणजे घरगुती. तक्ता कुठेच नव्हता, आणि बिटांची खूणही दिलेली नव्हती.

मग हिशेब. आकड्यांच्या भागाची एकूण लांबी फाईल स्वतःच सांगते. एका फेरीत किती किरण, प्रत्येक किरणावर किती कप्पे, हेही कळतं. वेळ, कोन, अंतर या ओळखीच्या गोष्टींची बिटं वजा केली, उरलेल्याला कप्प्यांच्या संख्येनं भागलं. उत्तर आलं अकरा, शेवटची थोडी भरतीची बिटं सोडून. अकरा-अकरा बिटांचे तुकडे पाडल्यावर पडद्यावर पहिल्यांदा काहीतरी उमटलं: पूर्वेच्या अंगाला जागचा न हलणारा एक वाकडा पट्टा. ढग सरकतो, हा प्रत्येक फाईलमध्ये तिथेच. ती घाटाची कड होती. डोंगरावरून परतलेली लहर रडारवाल्यांना नकोशी असते, ते ती गाळून टाकतात. मला ती गाळलेली नसल्याचा आनंद झाला, कारण किरण आणि कप्पे बरोबर लागल्याचा दुसरा पुरावा नव्हता.

बिटं कळली, पण वजा काय करायचं, दशांश कुठे? अकरा या आकड्यानंच सुचवलं. मूळ सात बिटांची नोंद दहापट बारीक करायची तर ६४ च्या जागी ६४० वजा करावे लागतात, दहानं भागावं लागतं आणि चार बिटं जास्त लागतात. सात आणि चार अकरा. त्याच काळातली काही रंगीत चित्रं छापील रूपात मिळाली. त्यातल्या रंगपट्टीशी ताडलं आणि १०४० म्हणजे चाळीस डेसिबल हे जुळलं. पुढे बफरच्या सुधारित नियमांत नेमकी हीच सोय एका प्रमाण खुणेनं झाली: एक घर बारीक करा म्हटलं की चार बिटं आणि दहापट वजाबाकी आपोआप. म्हणजे त्या अनाम माणसानं केलं होतं ते शहाणपणाचंच. फक्त कुठे लिहून ठेवलं नाही.

आमच्या तात्यांना हे सगळं एकदा समजावून सांगितलं. त्यांनी पंचांग पुढे केलं. नक्षत्राची वाहनं कशी काढतात माहीत आहे का, म्हणाले. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या दिवशी सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं, बाकी बघायची. एक उरला घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, शून्य उरलं तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती म्हणजे भरपूर पाऊस, कोल्हा, मेंढा म्हणजे ओढ. घोडा असेल तर डोंगरात पाऊस, म्हणजे आमच्याकडे. याचा पावसाशी संबंध किती यावर मी तात्यांशी वाद घालत नाही. पण तक्ता म्हणून तो पक्का आहे. नऊ नोंदी, मोजण्याचा नियम सोबत, आणि तरण्या पावसाचं वाहन कोणतं हे मावळातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा.

रडारचे आकडे उलगडले तरी भुशीचा पाऊस हाती आला असं मात्र नाही. कुलाब्याच्या रडारपासून लोणावळा सरळ रेषेत पासष्टेक किलोमीटर. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला झोत इथे पोचेपर्यंत, पृथ्वीच्या गोलाईचीही भर पडून, आठशे मीटरच्या आसपास चढतो आणि किलोमीटरभर रुंद होतो. लोणावळाच सव्वासहाशे मीटरवर, भोवतीचे सुळके त्याहून वर. झोताचा खालचा भाग डोंगरावर आपटतो, उरलेला वरून जातो. आमचा पाऊस बुटक्या ढगांचा, बारीक थेंबांचा, कॅनडाच्या सूत्राला न मानणारा. परावर्तन कमी, पाणी भरपूर. मुंबईत २०२२ मध्ये वेरावलीला दुसरं रडार आलं, पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं मांढरदेवच्या डोंगरावर एक्स-बँड रडार बसवलं. पण त्या बँडची लहर जोराच्या पावसातून जाताना स्वतःच क्षीण होते. घाट सगळ्यांनाच थोडा पुरून उरतो.

३० जून २०२४ ला धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर आमच्याकडे ‘दर दहा-पंधरा मिनिटांचा पाऊस’ मागणाऱ्यांची संख्या वाढली. मागणी बरोबर आहे. एवढ्याशा पाणलोटात वर सर आली की खाली पाणी काही मिनिटांत चढतं, सकाळी साडेआठची चोवीस तासांची बेरीज तिथे कुणाच्या उपयोगाची नाही. म्हणून तर जुन्या रडार फायली पुन्हा बाहेर निघाल्या.

त्या डिस्कवर एक छोटी मजकूर-फाईलही होती, जुन्या मराठी फाँटमधली. तक्ता यातच असणार म्हणून खटपट करून तो फाँट मिळवला. तक्ता नव्हता. रडार बंद असलेल्या दिवसांची यादी होती: वीज नाही, वीज नाही, मोटर जळाली, वीज नाही. नंतर कुणीतरी याच फायलींवरून काढलेला दैनिक पाऊस आमच्याकडे आधीच होता, आणि त्यात या सगळ्या तारखांना शून्य लिहिलेलं होतं. त्यातले बरेच दिवस भर जुलैतले, लोणावळ्याच्या पर्जन्यमापकात शंभर-शंभर मिलिमीटरचे. ती सगळी शून्यं काढून तिथे ‘नोंद नाही’ भरलं, आणि सरासरी नव्यानं काढायला घेतली.